सशर्त समकक्ष पाटणकर

पाटणकरांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही. "अभ्यासक्रम जुना की नवा?" एवढंच विचारलं.

मी त्या वेळी जिन्यात कपाटाखाली होते. जर्मनीत ब्राउनश्वाइगला येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. माझा नवरा निखिल वरच्या पायरीवर, मी खालच्या पायरीवर आणि मध्ये एक सेकंडहँड कपाट, जे ना वर जात होतं ना खाली. आमची अस्सल मराठीतली वादावादी ऐकून पहिल्या मजल्यावरचं दार उघडलं आणि चष्मा कपाळावर चढवलेले, हातविणीचा स्वेटर घातलेले एक गृहस्थ बाहेर आले. मला वाटलं, देवासारखे धावून आले. गृहस्थांनी कपाटाला बोटही लावलं नाही. शिक्षण काय, ते विचारलं. मी धापा टाकत म्हटलं, बी.ई., पुणे विद्यापीठ. तर लगेच, अभ्यासक्रम जुना की नवा? नवा म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि निकाल दिला, की इथल्या डिप्लोमच्या, म्हणजे इंजिनिअरच्या पदवीच्या, तुम्ही जरा खाली भरता, पण मन लहान करू नका, इंग्लंडात गेलात तर पूर्ण भराल. मग कुठे त्यांचं कपाटाकडे लक्ष गेलं.

हे मुकुंद पाटणकर. मूळचे मिरजेचे. शिकायला म्हणून जर्मनीत आले आणि शिकून झाल्यावर इथल्याच एका विद्यापीठात, बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या कचेरीत चिकटले. काम असं, की युरोपातल्या कुठल्या देशाची कुठली पदवी इथल्या कशाच्या बरोबरीची, ते ठरवायचं. पोर्तुगालचा मुलगा आला, पोलंडची मुलगी आली, ग्रीसचा कुणी आला, की त्यांचे कागद यांच्या टेबलावर. यांच्याकडे शिक्के तीन. "समकक्ष", "सशर्त समकक्ष" आणि "समकक्ष नाही". दिवसभर ते शिक्के मारून माणूस संध्याकाळी घरी आला, तरी हात काही थांबायचा नाही.

क्वार्क नावाचं जे आंबटसर प्रकरण इथल्या दुकानात मिळतं ते चक्क्याला सशर्त समकक्ष, अट अशी की फडक्यात टांगून ठेवावं. मिल्खराइस म्हणजे इथला दूधभात, तो खिरीला सशर्त समकक्ष, वेलदोड्याची पूड सोबत जोडल्यास. कार्टोफेलपुफर, म्हणजे बटाट्याचे तळलेले घावन, कांदा आणि अंडं वगळल्यास उपवासाला चालतील असा निकाल त्यांनी एका एकादशीला दिला. मग उरलं काय, असं त्यांच्या बायकोनं, उज्ज्वलाताईंनी, विचारलं, तेव्हा म्हणाले की तो माझ्या विभागाचा प्रश्न नाही. आणि आंबवलेला कोबी. तो त्यांनी एकदाच चाखला. "समकक्ष नाही," म्हणाले, "आणि अपीलही नाही."

त्यांचं म्हणणं असं, की सरहद्द ओलांडली की माणूस एकतर फुगतो नाहीतर आकसतो. इटलीत साधी पदवी झाली की लोक दोत्तोरे, म्हणजे डॉक्टर, म्हणून हाक मारतात. ऑस्ट्रियात एम.ए. झालेल्या बाईला पाववालासुद्धा "फ्राउ मागिस्टर" म्हणतो. फिनलंडमध्ये डॉक्टरेट झाली की डोक्यावर उंच टोपी आणि कमरेला खरीखुरी तलवार. हे सांगताना त्यांचा हात नकळत स्वतःच्या कमरेकडे जायचा. फ्रान्समध्ये तर बारावीनंतर किती वर्षं शिकलात यावरच सगळं मोजतात. बारावी अधिक तीन, बारावी अधिक पाच. हा प्रकार त्यांना फार पसंत पडला होता. माझ्या सासूबाई इथे आल्या तेव्हा त्यांची पुरणपोळी तोंडात टाकून पाटणकर डोळे मिटून म्हणाले, "बारावी अधिक तीस." सासूबाई मॅट्रिकला नापास. त्या पुढचा आठवडाभर हवेत होत्या.

एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं गाडीनं इटलीला गेलो. आल्प्समधला घाट ओलांडला, इटलीची पाटी दिसली, तशी पाटणकरांनी गाडी कडेला घ्यायला लावली, खाली उतरून निखिलसाठी दार उघडलं आणि म्हणाले, "या दोत्तोरे." आठवडाभर निखिल दोत्तोरे. त्याला कॉफी आधी, खिडकीची जागा त्याची. परतताना तोच घाट उतरलो आणि पाटणकरांनी गंभीर चेहऱ्यानं पदवी काढून घेतली. निखिलला खरंच वाईट वाटलं होतं. म्युनिक येईपर्यंत तो बोलला नाही.

मग दोन हजार आठ साली ब्रसेल्सहून आठ पायऱ्या आल्या.

म्हणजे झालं असं, की सगळ्या युरोपसाठी शिक्षणाचा एकच जिना असावा असं तिकडे ठरलं. कुठल्याही देशातलं कुठलंही शिक्षण उचलायचं आणि आठांपैकी एका पायरीवर ठेवायचं. पहिली म्हणजे शाळेतलं जुजबी, आठवी म्हणजे डॉक्टरेट. पाटणकरांना झाला तो आनंद लेक सई जन्मली तेव्हाही झाला नव्हता, असं उज्ज्वलाताई अजून म्हणतात. पेढे वाटले हो माणसानं. क्वार्कचे. आणि त्या पायऱ्यांचा भला मोठा तक्ता करून स्वयंपाकघरात लावला, बरोबर गॅसच्या वर, त्यामुळे महिनाभरात सहावी पायरी फोडणीनं पिवळी झाली.

त्या वर्षी इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत आरती झाल्यावर त्यांनी हॉलभर फिरून एकेकाला पायरी दिली. येना गावाहून आलेला एक संशोधक थेट आठवीवर. वोल्फ्सबुर्गच्या मोटारींच्या कारखान्यातले सहावी-सातवीत. एका मुलाची पीएच.डी. कितीतरी वर्षं रखडली होती, त्याला साडेसातवी दिली. तो बिचारा म्हणाला, काका, अर्धी पायरी नसतेच ना. तुझ्यासाठी केली, म्हणाले. मग उज्ज्वलाताईंनी ताट हातात धरूनच विचारलं, की मी कितवी? पाटणकर चष्मा कपाळावर ढकलत म्हणाले, की तुझं प्रकरण विचाराधीन आहे. त्या दिवशी पाटणकरांना दुसरा मोदक मिळाला नाही.

आता सई. त्यांची एकुलती एक. जन्म इथला, शाळा इथली. इथल्या लोकांच्या तोंडी ती झाई होते. मराठी सगळं कळतं, टोमणेसुद्धा कळतात, पण उत्तर जर्मनमध्ये. मुलगी अशी हुशार, की आबिटूर, म्हणजे इथली बारावी, तिनं खेळत खेळत पहिल्या रांगेत काढली. पाटणकरांनी तिचा जिना केव्हाच आखून ठेवला होता. बॅचलर इंग्लंडात, कारण तीन वर्षांत उरकतो. मास्टर हॉलंडात, कारण तिथे वाद घालायला शिकवतात. आणि डॉक्टरेट फिनलंडमध्ये.

"फिनलंडमध्येच का?" मी विचारलं होतं.

"तलवार," पाटणकर म्हणाले.

निकालाच्या आनंदात त्यांच्याकडे आमचं जेवण होतं. श्रीखंड पानात पडलं होतं. सईनं शांतपणे सांगितलं, की तिनं विद्यापीठात कुठे अर्जच केलेला नाही. तिला आउसबिल्डुंग मिळालंय, म्हणजे एका उस्तादाच्या हाताखाली तीन वर्षं कामच शिकायचं. सप्टेंबरपासून ती शोर्नश्टाइनफेगर होणार.

निखिलनं मला हळूच विचारलं, हे काय असतं? मला माहीत होतं, पण मराठीत सांगताना माझीच जीभ अडली. धुरांडी साफ करणारी. काळे कपडे, खांद्यावर गुंडाळलेली दोरी, दोरीला ब्रश आणि लोखंडी गोळा, सणासुदीला डोक्यावर उंच काळी टोपी. इथे घराघरातल्या शेगड्या, बॉयलर, चिमण्या कायद्यानं तपासून घ्याव्या लागतात, त्यामुळे हे खातं मोठं मानाचं. आणि शकुनाचं. धुरांडेवाला रस्त्यात भेटला की त्याच्या कोटाच्या बटणाला हात लावायचा, भाग्य उजळतं, अशी इथली समजूत. पण ते काही असो, पाटणकरांची मुलगी आणि छपरावर?

उज्ज्वलाताई पोळी वाढता वाढता म्हणाल्या, शिकताना पगार देतात का? सई म्हणाली, देतात. मग झालं तर, म्हणाल्या, आणि पुढच्या पानाकडे वळल्या. पाटणकर मात्र उठून तक्त्यापाशी गेले. त्यांचं बोट खालून वर, वरून खाली फिरलं आणि थांबलं.

"चौथी," ते म्हणाले. "आबिटूर चौथी. हे शिकून पुन्हा चौथी. तीन वर्षं छपरांवर चढून ही आहे तिथेच राहणार." आणि जरा थांबून, "तेसुद्धा अजून नक्की नाही. जर्मनांचं त्यावर आपसात भांडण चालू आहे."

सईनं मला नंतर सांगितलं. शाळेत असताना इथल्या मुलांना थोडे दिवस कुठेतरी काम करून बघावं लागतं. पाटणकरांनी तिला एका संशोधन संस्थेत चिकटवलं होतं, तिथे तिनं कंटाळून बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. दुसऱ्यांदा ती स्वतःच्या मनानं एका धुरांडेवाल्या बाप्याकडे गेली आणि खुळावली. म्हणाली, आयुष्यभर लोक मला बघितलं की विचारतात, तू मूळची कुठली? त्या काळ्या कपड्यांत कुणीच विचारत नाही. मला बघून लोक हसतात, धावत येतात, हात लावतात. मला ते फार आवडतं. मला स्वतःला इथे अजून बसमध्ये कुणी आपणहून हसलेलं नव्हतं.

पाटणकरांनी सईला नाही म्हटलं नाही. त्यांचा खरा पेच मिरजेत होता. तिथे त्यांचे वडील, आप्पा. निवृत्त मुख्याध्यापक, दर रविवारी फोन. पाटणकर कुणावर गेलेत ते त्या फोनवर कळायचं, कारण आप्पांचा प्रत्येक गोष्टीवर एकच प्रश्न, म्हणजे आपल्याकडचं काय? सई काय करते आता, असं आप्पांनी विचारलं. पाटणकर खोटं बोलणारा माणूस नव्हे. इमारतींच्या वायुमार्गांची शासकीय तपासणी, अग्निसुरक्षा, पर्यावरण, असं सगळं खरं खरं त्यांनी सांगितलं. म्हणजे आपल्याकडचं काय? पाटणकरांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि सवयीनं बोलून गेले, "उपअभियंत्याला सशर्त समकक्ष."

सशर्त हा शब्द मिरजेला पोचलाच नाही. पंधरवड्यानं पाटणकरांच्या भावानं फोटो पाठवला. चौकात फ्लेक्स. सईचा दहावीतला फोटो, मागे जर्मनीचा म्हणून कुठल्या तरी बर्फाच्या डोंगराचा देखावा, आणि "जर्मन सरकारच्या उपअभियंतापदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन". खाली शुभेच्छुकांमध्ये आप्पा, दोन नगरसेवक आणि एक व्यायामशाळा. पाटणकरांनी तो फोटो बघितला आणि खुर्चीत मटकन बसले. उज्ज्वलाताई हसून हसून रडल्या. सई मात्र हसली नाही.

आणि पुढच्या उन्हाळ्यात आप्पा स्वतःच आले. सोबत एक शाल आणि एक नारळ. नातीच्या वरिष्ठ साहेबांना भेटून त्यांच्या हस्ते नातीचा सत्कार करायचा, हा बेत ते मिरजेहून ठरवूनच निघाले होते.

पाटणकरांची जी धांदल उडाली ती काय सांगू. सईचे काळे कपडे, दोरी, ब्रश, सगळं आमच्या तळघरातल्या खोलीत हलवलं. ठरलं असं, की सईनं सकाळी पंजाबी ड्रेस घालून घरातून निघायचं, आमच्या तळघरात कपडे बदलायचे, संध्याकाळी उलट. साहेब परगावी गेलेत असं आप्पांना सांगायचं. मी दोरी गुंडाळत होते, निखिल ब्रश मोजत होता, आम्हाला गंमतच वाटत होती. सई तळघराच्या दारात उभी राहिली आणि तिनं मराठीत विचारलं. ती मराठीत बोलली म्हणूनच आम्ही सगळे थांबलो.

"बाबा, तुला माझी लाज वाटते?"

पाटणकरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. परत कपाळावर चढवला. मग म्हणाले, की प्रश्न लाजेचा नाही, समकक्षतेचा आहे. सईनं त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि जिना चढून गेली. मला त्या माणसाचा असा राग आला. मनात म्हटलं, अहो, नाही म्हणा ना. साधं नाही म्हणा.

चार-सहा दिवस ते नाटक चाललं. मग एका शुक्रवारी मी रजा काढून आप्पांना बाजारचौक दाखवायला नेलं. आप्पांच्या पिशवीत शाल-नारळ होतेच, साहेब कुठेही भेटले तर असावेत म्हणून. लग्नाच्या नोंदणीच्या कचेरीपाशी आलो तर बाहेर ही गर्दी. पांढऱ्या झग्यातली नवरी, सूटबूटातला नवरा, पाहुण्यांच्या हातात दारूचे पेले, आणि मधोमध काळ्या कपड्यांतली, गालावर काजळी फासलेली एक मुलगी. नवरी तिला ओढून फोटोत घेत होती. एक म्हातारी रांग मोडून पुढे घुसली आणि तिच्या बटणाला हात लावून आली. नवऱ्यामुलाच्या आईनं तर डोळे मिटून दोन्ही हातांनी बटणं धरली.

आप्पांनी विचारलं, हा काय प्रकार आहे? मी म्हटलं, इथलं काहीतरी धार्मिक असेल, चला आपण तिकडे चर्च बघू. तेवढ्यात ती मुलगी वळली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आजोबा."

आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. मला म्हणाले, ही आपली सई ना? मी मान हलवली. मग हे लोक तिला हात का लावतायत? म्हटलं, आप्पा, शुभ असतं म्हणून. लग्नात हिच्यासारखं कुणी भेटणं म्हणजे इथे भाग्य समजतात. आप्पा उभे राहिले. सईही उभी. तिचा चेहरा काजळीखाली पांढरा झाला होता. मी मनातल्या मनात पाटणकरांच्या नावानं बोटं मोडत होते.

आप्पा गर्दीत घुसले. पिशवीतून शाल काढली आणि त्या काजळीवर, दोरीवर, ब्रशावर पांघरली. पाहुण्यांना वाटलं, हाही विधीचाच भाग. टाळ्या वाजल्या. मग आप्पांनी शेजारी तशाच काळ्या कपड्यांत उभ्या असलेल्या सईच्या उस्तादाला नमस्कार करून नारळ दिला. तो दांडगा जर्मन दोन्ही हातांत नारळ धरून उभा राहिला. नवरीच्या बापानं पुढे होऊन नारळाला हात लावला. मग नवऱ्यानं लावला. मग अख्ख्या वऱ्हाडानं रांग लावून लावला. सई हसत होती आणि गालावरच्या काजळीतून पाण्याचे ओघळ येत होते.

घरी आल्यावर आप्पांनी पाटणकरांना समोर बसवलं आणि शाळेतल्या पोराला घ्यावं तसं फैलावर घेतलं. उपअभियंता काय सांगितलंस रे? "माझ्या उभ्या आयुष्यात मिरजेच्या उपअभियंत्याला कुणी आनंदानं हात लावलेला मी बघितला नाही." मुकुंदा, तू पोरीला फार खाली दाखवलीस, म्हणाले, आणि तिथल्या तिथे फ्लेक्स बदलायला मिरजेला फोन लावला. नव्या फ्लेक्सवर पद लिहिलंच नाही. नुसतं नाव आणि काजळी फासलेला फोटो. दोन्ही नगरसेवक गळले, व्यायामशाळा राहिली.

आप्पा परत गेले. आम्हाला वाटलं, सुटलं कोडं. पण पाटणकर काही पहिल्यासारखे होईनात. सई जेवताना कामाचं काही सांगायला लागली, आज अमुक छप्पर, तमुक चिमणी, की हे उठून भांडी घासायला घ्यायचे. तिला काम करताना बघायला म्हणून एकदाही गेले नाहीत. उज्ज्वलाताई गेल्या, आम्ही गेलो, आमच्या ओळखीतली निम्मी मंडळी बटणाला हात लावून आली. सईनं तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही आणि पाटणकरांनी उत्तर दिलं नाही. एकाच घरात दोघं एकमेकांना मीठ दे, पाणी दे एवढंच बोलायची. मला ते बघवत नसे.

पानगळीच्या दिवसांत एक दिवस उज्ज्वलाताई माझ्याकडे आल्या त्या खुर्चीत बसूनच राहिल्या. म्हणाल्या, मुकुंद हल्ली सकाळी फार लवकर बाहेर पडतो आणि ऑफिसात मात्र उशिरा पोचतो. तिथल्या बाईनं फोन करून विचारलं. शिवाय दोघातिघांनी त्यांना भलत्याच गल्ल्यांमधून घरांच्या दारांवरचे कागद वाचत हिंडताना बघितलंय. "वेगळी जागा शोधतोय गं," म्हणाल्या. पोरीशी पटत नाही म्हणून घर सोडणार. मी त्यांना हसण्यावारी नेलं, म्हटलं, छे हो, पाटणकरांना दुसऱ्या घरात तक्ता कुठे लावायचा तेच कळणार नाही. पण घोर मलाही लागला. हे बोलणं चाललं तेव्हा सई माझ्या स्वयंपाकघरात पावाला जॅम लावत होती. तिनं दुसऱ्या पावाला जॅम लावायला घेतला.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी सायकलवरून ऑफिसला निघाले होते. एका आडगल्लीत, पानं गळलेल्या झाडाखाली पाटणकर. डोक्याला मफलर, हातात डब्याची पिशवी, मान मागे टाकलेली. तोंड उघडं. मी सायकल भिंतीला टेकवली आणि समोरच्या दारावरचा कागद वाचला. धुरांडेवाले अमुक दिवशी येणार, घरात कुणीतरी थांबावं. इथे ते लोक आधी असा कागद डकवून जातात. मग मी वर बघितलं. चार मजल्यांच्या वर, छपराच्या अगदी माथ्यावरून, सई ब्रश खांद्यावर टाकून चालली होती, आपण घरात चालतो तशी.

मी शेजारी जाऊन उभी राहिले. पाटणकरांनी वरची नजर काढली नाही.

"तिला वाटतं मला लाज वाटते," ते म्हणाले.

मी म्हटलं, मग सांगून टाका ना एकदाचं, नाही वाटत म्हणून.

"मग काय वाटतं तेही सांगावं लागेल." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "भीती वाटते हो, मेधाताई. आणि हे तिला कळलं, तर वर चालताना ती माझा विचार करेल. तिथे कुणाचा विचार करायचा नसतो. पायाकडे बघायचं असतं."

सई चिमणीपाशी पोचली, वाकली, दोरी सोडायला लागली. पाटणकर म्हणाले, त्यांना कळतं की इथे उभं राहून काही उपयोग नाही, पडली तर ते काय झेलणार आहेत का? पण ऑफिसात बसून ते कागदच वाचू शकत नाहीत. ती आत गेलेली दिसली की मग ट्राम पकडतात. इतक्या दिवसांत मी या माणसाची टिंगल करायची एक संधी सोडली नव्हती. त्या दिवशी सोडली. मी त्यांच्या पिशवीचा दुसरा बंद धरला आणि आम्ही दोघं तशीच उभी राहिलो, सई छपराच्या झरोक्यातून आत जाईपर्यंत. जाताना त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, की सईला सांगायचं नाही. उज्ज्वलाताईंना काय ते मी सांगते, एवढं मात्र मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. दुपारी उज्ज्वलाताईंना फोन करून सगळं सांगून टाकलं.

सईच्या बाबतीतलं वचन मी पाळलं. म्हणजे, सई आमच्याकडच्या बॉयलरची तपासणी करायला आली तोपर्यंत पाळलं. काम आटोपून ती काळ्या हातांनी चहाचा कप धरून माझ्यासमोर बसली, आणि मला राहवेना. म्हटलं, वचन गेलं चुलीत, पोरगी मनात काय घेऊन हिंडतेय. मी सुरुवात केली, "सई, तुझे बाबा..."

"रस्त्यात उभा असतो," सई म्हणाली. "माहितीये."

कधीपासून, मी विचारलं. पहिल्यापासून, म्हणाली. वरून तो टक्कल झाकायचा मफलर लगेच ओळखू येतो. मग बोलली का नाहीस त्याच्याशी? तर म्हणे, मला कळलंय हे त्याला कळलं तर तो यायचा बंद होईल, आणि मग ऑफिसात बसून नुसता झुरेल. इथे निदान बघून जातो. तिनं उस्तादाला सांगून ठेवलंय, की कुठल्याही घराची रस्त्याकडची बाजू आधी घ्यायची, आणि ती झाली की सईनं झरोक्यातून आत जायचं, काम संपल्यासारखं.

"आणि मागची बाजू?"

"मागचं छप्पर जास्त उभं असतं," सई कप खाली ठेवत म्हणाली. "आधी बाबाला ट्राममध्ये चढलेला बघते. मग मागे जाते. मेधामावशी, त्याला सांगू नकोस हं."